दुसरी चावी

हर्णै, जि. रत्नागिरी
४ फेब्रुवारी २०२५, दुपार

चि. जीवनबाळा, तुला आणि सूनबाई राखीला तुझ्या याडीचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. तुरी काढून झाल्या का? राखीची कंबर कशी आहे? लोहाऱ्याच्या कारखान्यात जादा पाळी घेऊ नकोस, जिवाला जप.

अलिबागपासून समुद्र धरून गाडीनं रमतगमत इथवर आलो. वाटेत किल्लेच किल्ले; इथेही समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. तुझे बापू दिसेल त्या किनाऱ्यावर बोट बुडवून चाखतात आणि म्हणतात, "याच मिठाच्या गोण्या आपल्या पणज्यानं बैलांवर लादून नेल्या असतीन." मी म्हटलं, "म्हनून तुमी एवढे खारट!" तर केवढे हसले.

हे सगळं लिहीत बसले, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

बापूंनी वणीला कोळशाचा ट्रक चालवला. क्लीनर डावीकडून ओरडायचा, "येऊ दे, येऊ दे, बस!" आणि हे चाक फिरवायचे. या सहलीत पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "रामी, आता तू माही क्लीनर. डावी बाजू सांगत राह्य." मला गंमत वाटली. मी घसा ताणून ओरडत होते, लोक वळून बघत होते.

काल मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा खाडीच्या पुलाचा कठडा माझ्या दाराला खरवडत होता. खाली नुसतं पाणी. मी किंचाळले तेव्हा कुठे त्यांनी गाडी उजवीकडे ओढली.

पूल संपल्यावर थांबले. म्हणाले, "दिवाळीपासून डाव्या डोळ्यानं मले काहीच दिसत नाही. जीवनले सांगशील तं तुले सेवालाल महाराजाची आण हाये. तो गाडी काढून घेईन. मंग मी कायचा राह्यलो?"

ती आण आज मोडते आहे. महाराज देतील ती शिक्षा घेईन. मला भीती रस्त्याची वाटते. उद्या मालवण, मग घाट चढून घरी, असं त्यांनी ठरवलं होतं. वळणावर माझा आवाज फुटला नाही तर? डावीकडून कुणी सायकलवर आलं तर?

आज सकाळी आम्ही पायीच बंदरावर गेलो होतो. ते सुरमईचा भाव करत असताना गाडीची चावी मी पाण्यात टाकली. टाकल्यावर कोळणींच्या शेजारी खालीच बसले.

त्यांना वाटतंय चावी कुठेतरी पडली. ते तुला फोन करतील, कपाटातली दुसरी चावी कुरिअरनं पाठव म्हणतील. गोड बोलतील, मग चिडतील. पाठवू नकोस. चावी घेऊन तू स्वतः ये आणि गाडी तूच चालव. त्यांचा डोळा आपण मग डॉक्टरला दाखवू. मी लिहिलं हे त्यांना सांगायचं की नाही, ते तू ठरव. माझं डोकं चालत नाही. फोनवर बोलावं तर त्यांना ऐकू जाईल, म्हणून आम्ही उतरलोय तिथली घरमालकीण या पत्राचा फोटो काढून तुला पाठवणार आहे.

आत्ता ते अंगणात वाकून चावी शोधताहेत, नुसते उजवीकडे. घरमालकिणीची दोन वर्षांची नात त्यांच्या डाव्या पायाशी येऊन बसली आहे आणि त्यांना त्याचा पत्ताच नाही. तिला उचलायला उठते.

आजच निघ.

तुझी याडी,
रामीबाई