चौथ्या मजल्यावरचं पाणी

बाबा, तुम्ही कारखान्यात पंपांपाशी उभं आयुष्य काढलंत आणि मी आता त्याच पंपांबद्दल लोकांना सल्ले देते. महापेच्या एका केमिकल कारखान्यात रिअॅक्टर थंड ठेवणारं पाणी चौथ्या मजल्यावर चढतं. ते कमी-जास्त कसं करायचं, हे मला सोमवारी सही करून द्यायचंय. आज तिथे कंट्रोल व्हॉल्व्ह आहे. पंप पूर्ण वेगाने पळतो, व्हॉल्व्ह पाणी अडवतो आणि वीज फुकट जाते. मालकांना व्हॉल्व्ह काढून ड्राइव्ह हवाय, म्हणजे पाणी कमी लागेल तेव्हा पंपच हळू फिरेल. माझे साहेब म्हणतात, "अगं, टेन्शन कसलं घेतेस? सगळे ड्राइव्हच लावतात." लावतात, खरंय. कूलिंग टॉवरच्या पंख्यांना तर तो मीच सुचवला. पण रिअॅक्टरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. ते थांबलं तर आतला माल तापतच जातो, आणि त्या रिअॅक्टरशेजारी शिफ्टला आपला धाकटा उभा असतो. तुम्ही गेलात तेव्हा तो शाळेत होता.

मला कामोठ्याचं स्वयंपाकघर आठवतं. नळ कोरडा, आईची भांडी तशीच पडलेली, आणि मी सोसायटीची मोटर लावून वर आलेय. "चालू आहे, आवाज येतोय की," मी म्हणते. तुम्ही चहा तसाच ठेवता, मला दंडाला धरून खाली नेता आणि माझा हात पाइपवर ठेवता. पाइप नुसता थरथरतोय, गार लागत नाही. "आवाज मोटरचा असतो. पाणी चाललंय का, ते हाताला विचार," तुम्ही सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं ओरडलात. मी रुसून जेवले नव्हते.

काल ड्राइव्हची चाचणी घेतली. रिअॅक्टरमध्ये माल नव्हता, साधं गरम पाणी होतं. मी खाली स्क्रीनपाशी उभी. वेग उतरवत नेला, पंप मजेत गुणगुणतोय, सगळे दिवे हिरवे, साहेब खूश. वेग थोडा कमी केला की पंपाचा जोर त्याहून बराच जास्त कमी होतो. एवढं पुस्तकात शिकलेली मी, तरी त्या हिरव्या दिव्यांकडे बघत राहिले. मग वॉकीटॉकीवर आवाज आला, "मॅडम, खाली पंप चालू आहे ना? वर पाणीच नाय. पाइप गरम लागतोय." आपला धाकटाच होता तो. कारखान्यात तो मला मॅडमच म्हणतो. मी झटकन वेग पूर्ण वर नेला. आत खरा माल असता तर?

साहेबांकडे उत्तर तयार होतं. "कमीत कमी वेग ठरवून लॉक करू. त्याखाली जाणारच नाही. झालं की!" कागदावर अगदी बरोबर आहे, बाबा. पण कारखाने मीही पाहिलेत. पुढे कधीतरी कुणी नवीन येईल, विजेचा आकडा त्याला खुपेल, तो लॉक काढून वेग जरा खाली आणेल, आणि पंप चालू दिसतोय म्हणून निर्धास्त राहील. व्हॉल्व्ह उधळ्या आहे, पण त्याच्यामागे पंपाचा पूर्ण जोर असतो आणि बिघडला तर तो सताड उघडतो. म्हणून मी व्हॉल्व्हच ठेवा असं लिहिलं. साहेब चिडलेत. सोमवारच्या मीटिंगमध्ये माझी बाजू घेणारं कुणी नसेल, आणि मी आत्तापासूनच घाबरलेय.

धाकटा माझा भाऊ आहे, हे मी साहेबांना सांगितलेलं नाही. लग्नानंतर आडनाव बदललं, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. सांगितलं तर म्हणतील, भावापायी घाबरतेय. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून लिहिते: त्यांचं चुकणार नाही. वर दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर लॉकवर भागवून मी कालच सही केली असती.