कै. डोंगरसिंग

६ फेब्रुवारी २००६, सोमवार. राजूर

तर म्हणे स्वतःला नाकारा. बरं, नाकारा. पण बाने स्वतःला कुठं नाकारलं? आम्हाला नाकारलं. याडीला, माझ्या आईला नाकारलं, बहिणीला, सोनूला नाकारलं, मला नाकारलं. स्वतः तर तांड्यातून ताठ मानेनं फिरतो. हुक्कापाणी बंद झालं तर त्याला काय? त्याला येशू आहे. याडीशी विहिरीवर कोणी बोलत नाही – तिला कोण आहे?

हे सगळं दिवाळीत त्याच्या तोंडावर बोललो आणि पिशवी उचलून इकडे आलो. दिग्रसकडचा आमचा तांडा कुठं आणि वणीजवळचं हे राजूर कुठं. एसटीत अर्धा दिवस जातो. तरी भांडण काही सुटलं नाही. फावडं मारताना मनातल्या मनात बाशी बोलत राहतो. तो तिथं उत्तर देत नाही, म्हणून मीच जिंकतो.

येशूवाल्यांचे मारोती पाळक म्हणतात, शिष्य व्हायचं तर किंमत मोजावी लागते. किंमत ठरवली बाने, मोजून राह्यलो आम्ही. पाळकाचं नाव मारोती! तांड्यातली पोरं त्यांना विचारतात, "देव बदलला, मंग नाव काहून नाई बदललं?" ते म्हणतात, "मायबापानं हौसेनं ठेवलं रे. आता म्हातारपणी नवं कोण ध्यानात ठेवते?" माणूस वाईट नाही. तेच तर. वाईट असता तर दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो.

९ फेब्रुवारी, गुरुवार

कोळशाच्या डेपोवर ट्रक भरतो. थुंकी काळी, उशी काळी. मुकादम नीळकंठभाऊ. कामावर घेताना त्याचा पहिला प्रश्न, "रविवारवाला तं नाई न बे तू?" येशूच्या लोकांना तो रविवारवाले म्हणतो. मागं एक जण होता, प्रार्थनेची वेळ झाली म्हणून ट्रक अर्धा भरलेला सोडून निघून गेला. तेव्हापासून तसा माणूस ठेवायचा नाही, अशी त्याची शपथ.

मी म्हणालो, नाही. खरंच आहे, मी नाहीच.

"अन् बाप?"

बाप कशाला मधे आणला कोणास ठाऊक. मी म्हणालो, बाप मेला.

मग त्याने हजेरीत लिहिलं – ओम कै. डोंगरसिंग. वर म्हणाला, "मेल्या माणसाले मान द्यावा लागते लेका."

दर शनिवारी पगार घेताना तो ‘कै.’ दिसतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा बरं वाटलं होतं.

१२ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर ट्रक भरले. कोणी बोलावलं नाही, कुठं जायचं नव्हतं. बरंच आहे.

१५ फेब्रुवारी, बुधवार

त्या बोकडाचं एकदाचं लिहूनच टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

दरसाल होळीच्या आधी तांड्याचा बोकड असतो, देवीला. सगळ्या घरांचा वाटा. एक घर सुटलं तरी देणं अपुरं. बाने येशू धरला आणि गेल्या होळीला वाटा बंद केला. आणि या हंगामात कापसावर लाल्या आला. पानं लाल, बोंडं वाळून गेली. झालं, डोंगरसिंगमुळं! अरे, बाचाही कापूस लालच झाला की. येशूनं त्यालाही सोडलं नाही. पण हे ऐकतो कोण.

आमच्या तांड्याचा नायक खेमसिंगकाका. तो आणि बा लहानपणी एकत्र ढोरं राखायचे. समजवायला घरी आला. म्हणाला, "डोंगर, परसादाचा घास गिळू नको. नुसता ओठाले लाव अन् मांगं जाऊन थुक. देवी समजून घेते, तांड्याले फक्त दिसलं पाह्यजे."

बा म्हणाला, "खेमा, मले ओठाले लावून थुकता आलं असतं, तं मी दारू कायले सोडली असती?"

दोघंही हसले. हसले! मग काका डोळे पुसत उठला, आणि दुसऱ्याच दिवशी नसाब, तांड्याची पंचायत बसवून पंचांसमोर आमचं घर तांड्याबाहेर काढलं. तेव्हाही डोळे पुसत होता.

बा आधी पक्का बेवडा होता. याडीला मारायचा. आता म्हणतो, "तो डोंगरसिंग गेला. बाप्तिस्म्याच्या पाण्यातच ठेवून आलो त्याले." ठेवला तर ठेवला. पण तो बेवडा होता तेव्हा आमच्या दारात माणसं येत होती.

१८ फेब्रुवारी, शनिवार

वणीला जाऊन नायकाच्या घरी फोन लावला. तांड्यात फोन तेवढाच.

सोनूला पुसदकडचं स्थळ आहे. पोरगा ट्रॅक्टर चालवतो, पीत नाही. त्यांचं म्हणणं एकच – घर तांड्यात असेल तर आम्ही येतो. आणि बा तर ढिम्म. म्हणून मी म्हणालो, काका, यंदाचा अख्खा बोकड आमच्याकडून. बाच्या नावानं. पैसे मी पाठवतो, तुम्ही घर आत घ्या.

काकानं विचारलं, "डोंगरले माहीत हाये?"

"त्याले कायले सांगता?"

"होळीच्या आधी पाठव मंग."

पैसे दिवाळीपासून साठवून ठेवलेत. बाने तोंडानं नाही म्हटलं, मी पैशानं हो म्हणतो. सोनू तर सुटेल. एवढं सोपं होतं.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

बा आला.

दुपारी जेवायला बसलो होतो. मान वर केली तर समोर बा. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. पांढरा सदरा, डेपोतून चालत आला म्हणून गुडघ्यापासून छातीपर्यंत काळा.

मुकादमानं विचारलं, "कोण हाये बे हा?"

तोंडातून निघून गेलं – "गावचा हाये."

तांड्याचा सुद्धा म्हणालो नाही. गावचा. म्हणजे आपला नाही, परका.

बाने माझ्याकडे पाहिलं. मग बोलला तो मराठीत. माझ्याशी मराठीत! आम्ही बापलेक जन्मभर गोरबोलीत भांडलो, गोरबोलीत जेवलो. मराठी बाहेरच्यांसाठी. "घे बावा," म्हणाला, "तुह्या मायनं भाकरी देल्ली." बाकीच्यांना त्यात काही वाटलं नाही. मला वाटलं, कोणीतरी दार ओढून घेतलं. आणि ते मीच सांगितलं होतं ओढायला.

मुकादमाला म्हाताऱ्यांशी बोलायची हौस. "बसा जी काका. याचा बाप कसा माणूस होता?"

आता संपलं, वाटलं. बा खोटं बोलत नाही. ओठाला लावून थुंकत नाही तो.

बा म्हणाला, "याचा बाप? बेवडा होता. बायकोले मारे. तो गेला."

"पोरगा सुटला म्हणा मंग."

"व्हय. सगळेच सुटले."

भरणीवरचा सोबती म्हणाला, "तरीच हा ओम्या पीत नाई, बापानंच याचा कोटा संपवला!" सगळे हसले. बाही थोडा हसला. मी पण हसलो. पाणी पिऊन परत हसलो.

त्यात खोटा एक शब्द नव्हता. नायक दारात बसला, पंच बसले, अख्खा तांडा उलटला, तरी ज्यानं एक घास ओठाला लावला नाही, त्यानं माझ्यासाठी एका वाक्यात स्वतःला मारून टाकलं. मी मागितलं पण नव्हतं. मी तर आधीच मारला होता.

संध्याकाळी वणीच्या स्टँडवर सोडायला गेलतो. रिक्षातून उतरलो तशी परत गोरबोली सुरू, इथं मराठीत लिहितो. बोकडाचं त्याला खेमसिंगकाकानेच सांगितलं होतं. म्हणाला, "माह्या नावानं देऊ नको. तुह्या नावानं द्यायचा तं दे. तुह्या नावावर माहा हक्क नाई."

"अन् सोनू?"

"तिनं निरोप देल्ला. म्हणे, भाऊले सांग, ज्याले बोकड पाह्यजे त्याले बोकडच द्या, मले कायले देता?"

सांगताना त्याला हसू आवरेना. मला हसू आलं नाही. म्हणालो, मग बसवा तिला घरात जन्मभर, तुमच्या प्रार्थनेत टाळ्या वाजवायला.  तो सदऱ्यावरचा कोळसा झटकत बसला.

डेपोवरच्या गोष्टीचं नाव काढलं नाही. मी वाट पाहत होतो. एक थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. जुन्या डोंगरसिंगनं मारली असती. गाडी हलली तेव्हा खिडकीतून वाकून म्हणाला, "बेवड्याचा म्हणून हसले ते तुले. माह्यापायी ऐकावं लागलं. मनाले लावून घेऊ नको."

माझी माफी मागून गेला!

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

भाकरी आज सोडल्या. तिळाची चटणी. दोन माणसांच्या होत्या. काल बाने काहीच खाल्लं नव्हतं, हे आता ध्यानात आलं.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

पानटपरीवर नायकाचा फोन आला, नंबर मीच देऊन ठेवला होता. बोकड पाहून ठेवला आहे, काळा, चांगला भरलेला. पुसदचे लोक परवा विचारून गेले. मग म्हणाला, "ओम, देवीपुढं नाव घ्यावं लागते. कोणाचं घेऊ?"

बाचं म्हणायचं होतं. ठरलंच होतं.  नाही तर माझं. टपरीवाला माझ्याकडे पाहत होता.

कोणाचंच नाव न घेता फोन ठेवून दिला.

१ मार्च, बुधवार

बाचा राग तेवढाच आहे. कमी झाला म्हणून कोणी समजू नये. त्याच्या देवाशी मला काही घेणं नाही.

४ मार्च, शनिवार

पगाराच्या वेळी मुकादमाला म्हणालो, ‘कै.’ खोडा. बाप जिवंत आहे. त्या दिवशी भाकरी घेऊन आला तोच. रविवारवाला आहे.

त्याने ‘कै.’ खोडला. मग तीच रेघ मागं ओढत आणली, माझ्या नावावरून.

शेवटचा हिशेब घेऊन तसाच पोस्टात गेलो. बोकडाचे पैसे बाला मनिऑर्डरनं लावले, काय करायचं ते करो. निरोपाची जागा कोरी ठेवली. पाठवणारा – ओम डोंगरसिंग. अठराशे रुपये.