आग्रह करणारा

अरे, ऐकतोस का? भाताचं पातेलं निवेपर्यंत जरा बसायला मिळालंय, तेवढ्यात लिहिते. कुत्र्याला पत्र लिहितेय म्हटल्यावर घरचे मला येरवड्यालाच नेऊन सोडतील. पण तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुझ्याइतकं निमूट ऐकणारं इथं दुसरं कुणी भेटलं नाही, आणि आज जे सांगायचंय ते माणसांना सांगण्यासारखं नाही. दमलेय रे. गुडघे तर दमलेतच, पण हल्ली मनही हात टेकून उठतं.

आपलं शेल्टर अजून तिथंच आहे, भुकूमच्या वरच्या अंगाला. खाली सगळ्या इमारती झाल्या. स्वयंपाकाला मीच आहे, तीच कणी, तेच कोंबडीचे पाय, तीच हळद, फक्त पातेली मोठी झाली. तुझ्या वेळी हिंजवडीकडून महिन्याकाठी एखादं कुत्रं यायचं. आता जोडून सुट्टी आली की सकाळी फाटकाला बांधलेलीच सापडतात. कुणाची बदली होते, कुणाला बाळ होतं, कुणाचं सोसायटीत भांडण होतं. गळ्यात चांगला पट्टा, अंगाला शांपूचा वास आणि तोंड भिंतीकडे. असं कुत्रं खात नाही, हे तुला मी काय सांगावं? रस्त्यावरचं कुत्रं मार खाऊन आलं तरी ताटली चाटूनपुसून घेतं. घरातून टाकलेलं मात्र उपाशी राहतं.

तू पाय मोडून आला होतास. प्लास्टर निघालं, पाय बरा झाला, तुला परत सोडायला गाडी काढली तर तू गाडीखालीच जाऊन बसलास. राहू दे म्हटलं. मग ती पांढरी झुबकेदार कुत्री आली, कुणाचीतरी लाडकी असणार. पाण्यालाही शिवेना. मी पिंजऱ्याचं दार लोटून भात ठेवत होते, तर तू माझ्या पायांमधून आत. मी ओरडले, "आरं मुडद्या, तिचं हाय ते!" तू दोन घास खाल्लेस, बाजूला सरलास आणि तिच्याकडे बघत बसलास. ती येईना. तू पुन्हा एक घास घेतलास, पुन्हा सरलास. आमच्यात पाहुणा लाजला की थोरली जाऊ "घ्या की वो, लाजताय काय" म्हणत शेजारी बसते ना, तसा. शेवटी ती उठली. ती खायला लागल्यावर तू शेपटी दोनदा जमिनीवर आपटलीस आणि निघून गेलास, वळूनही बघितलं नाहीस. त्या दिवसापासून ते तुझं काम झालं. कुणी दोन घासांत ऐकायचं, कुणापुढं तुला अख्खी ताटली संपवून दुसरी मागवावी लागायची. एकानं तुझा कान फाडला, तरी संध्याकाळी तू त्याच्यापुढं हजर.

त्या कामापायी तू चांगलाच फुगलास. डॉक्टर मॅडम पुण्याच्या, तेव्हा नुकत्याच लागलेल्या. तुला काट्यावर उभं केलं आणि माझ्यावर घसरल्या, "मावशी, अहो हा कुत्रा आहे की पिंप? बंद करा ह्याचं खाणं!" मलाही झटका आला. म्हटलं, "त्यो काय सुखासुखी खातोय व्हय, मॅडम? काम हाय त्याचं. तुमी नवी कुत्री घ्यायची बंद करा, मग त्यो बी खायचा बंद हुईल!" बरेच दिवस त्या माझ्याशी तुटक बोलायच्या. मग एक भलामोठा अल्सेशियन आला, सलाईनवर गेला, आणि मॅडमच खालमानेनं विचारायला आल्या, "मावशी, तो कुठंय?" तू उन्हात घोरत पडला होतास. पोरगा पास झाल्यासारखी माझी छाती फुगली.

आणि मग तुझ्याच किडन्या गेल्या. तू खाणं सोडलंस. "आता ह्याला कोण आग्रह करणार?" असं म्हणून मॅडमनी तोंड फिरवलं. मी दुसरी कुत्री तुझ्यापुढं आणून बघितली, तर ती तुझी ताटली फस्त करून गेली, तू ढिम्म. मग मीच माझा डबा घेऊन तुझ्यासमोर फरशीवर बसते. भाकरी आणि वांग्याचं भरीत. मुद्दाम मचमच करत खाते. तू मान उचलतोस, माझ्या प्रत्येक घासाकडे बघतोस. मला वाटतं, आता उठेल, आता तोंड लावेल. मी पुढचा घास घेते. डबा संपतो. तू शेपटी दोनदा आपटतोस आणि पाठ करून झोपतोस. तुला वाटलं, मीच नवी आलेय आणि जेवले एकदाची. दुसऱ्या दिवशी तू गेलास. मी त्यानंतर भरीत केलेलं नाही. घरचे विचारतात तेव्हा सांगते, वांगी बाधतात मला.

तुझ्यामागं मॅडमनी तुझ्या जागी किती कुत्री सुचवली. मी प्रत्येकात खोट काढली. हा लहान, तो भांडकुदळ, तिची लाळ गळते. मॅडम समजल्या आणि त्यांनी सुचवणं सोडलं. तेव्हापासून नव्या कुत्र्यापुढं मीच बसते, हातानं भरवते. कधी जमतं, कधी सलाईन लावावं लागतं. काही गेलीही.

ह्या आठवड्यात एक म्हातारी लॅब्रडॉर आली, तोंड पांढरं झालेलं, फाटकाशी तिच्या गादीसकट ठेवलेली. काल मॅडम म्हणाल्या, "मावशी, आता हिनं खाल्लं नाही तर हातची जाईल." मी बसले, भरवलं. तिनं घास तोंडात धरला आणि तसाच ओघळू दिला. इथं एक चोरटी तपकिरी कुत्री आहे, नांदे गावात बांधकामावर सापडलेली, तिला कुणाचंही ताट वर्ज्य नाही. म्हातारी आल्यापासून ती पिंजऱ्याच्या दाराशी घुटमळत होती आणि मी तिला हाकलत होते. आज सकाळी मला उठवेनाच. बघत बसले. ती आत घुसली. तुझी रीतभात तिच्यात कुठली? बाजूला सरणं नाही, वाट बघणं नाही, सरळ ताटलीत थोबाड घालून गपागपा. म्हातारी गुरगुरली. तिचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला. मग ती कशीबशी उभी राहिली, चोरटीला खांद्यानं ढकललं आणि जेवली. सगळं जेवली.

मॅडम धावत आल्या. "मावशी, बघा ना, जेवली हो!" माझ्या डोळ्यांना पाणी बघून त्यांनी माझा हात धरला. "किती आनंद झालाय तुम्हाला." मी हो म्हटलं. उद्यापासून चोरटीलाच नव्या कुत्र्यांकडे सोडायचं ठरलंय, तेही मीच सुचवलं. हा कागद आता भट्टीत घालणार आहे, मॅडमच्या हाती पडला तर त्यांना वाईट वाटेल. म्हातारी वाचली ह्याचा आनंद मलाही होईल रे, उद्या-परवा होईल. पण आज मी रडले, ती तुझ्यावाचून जेवली म्हणून.