सायकलच्या दांडीवरचं इंग्रजी

अण्णा, मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला हल्ली मला डोळे मिटावे लागतात, पण राग आठवावा लागत नाही. तो सकाळी माझ्याबरोबर उठतो, माझ्याबरोबर कॉफी घेतो. हे तुमच्या तोंडावर मला कधी म्हणता आलं नाही. आपल्या घरात तुमच्याशी मोठ्यानं बोलायची पद्धत नव्हती, आणि माझ्याशी बोलायची तुम्हाला गरज वाटली नाही. आता तुम्ही गेलात त्या वयापेक्षा माझं वय जास्त आहे. वयाचा मान म्हणून तरी ऐकून घ्या.

रविवारची सकाळ. बेंगळुरात चामराजपेटच्या घरासमोर तुम्ही सायकल पुसताय आणि मी फाटकाशी उभी आहे, वेणीला नवी रिबीन, सात-आठ वर्षांची. दांडीवर तुम्ही माझ्यासाठी एक छोटी सीट बसवून घेतली होती. दंडूत, म्हणजे कँटोन्मेंटात, कापडाच्या मोठ्या दुकानात तुम्ही कामाला होता. तिथं पूर्वी मडमा यायच्या. त्यांच्याशी बोलून बोलून तुम्हाला इंग्रजी आलं होतं, आणि इंग्रजी आलं की माणसाला कुणी हटकत नाही, असं तुमचं ठाम मत झालं होतं. म्हणून दर रविवारी मला पुढं बसवून तुम्ही गाव दाखवायला न्यायचात. एखाद्या इमारतीसमोर सायकल थांबवायची, एक पाय जमिनीवर टेकायचा, घंटी वाजवायची. घंटी वाजली की मी म्हणायचं, "धिस इज अ पोस्ट ऑफिस. वुई बाय स्टॅम्प्स हिअर." तुम्ही कन्नडमध्ये "सरी" म्हणायचात, म्हणजे बरोबर, आणि मग "पुढचं." मग पोलीस स्टेशन, फायर स्टेशन, बँक, टाउन हॉल, म्युझियम, चर्च, बेकरी. बेकरीसमोर वास घेत मी मुद्दाम वाक्य चुकायची, म्हणजे पुन्हा म्हणावं लागायचं. माझ्या कानामागं तुमचा श्वास लागायचा, चढावर तो जड व्हायचा, तरी तुम्ही मला उतरवत नव्हता. हे सगळं मला आठवतं, आणि म्हणूनच राग येतो. तुम्ही मुळातच कडू असता तर मी केव्हाच तुम्हाला सोडून दिलं असतं.

दुकानातल्या एका बाईंनी गाशा गुंडाळून विलायतेला जाताना तुम्हाला एक चित्रांचं पुस्तक दिलं होतं, ते तुम्ही मला आणलंत. त्यात एक इंग्रजी गाव होतं आणि प्रत्येक घरावर नाव लिहिलेलं होतं. एका रविवारी मठासमोर मी तुम्हाला विचारलं, अण्णा, मठाला इंग्रजीत काय म्हणतात? तुम्ही म्हणालात, पुस्तकात आहे का? मी म्हटलं नाही. मग फुलांच्या बाजाराला काय म्हणतात, पिठाच्या गिरणीला काय, तेही त्यात नव्हतं. तुम्ही चिडलात. जे आहे तेवढं शीक, म्हणालात. आणि लायब्ररीचा दिवस तुम्हाला नक्कीच आठवत असेल. तुम्हाला कुणी ओळखीचं भेटलं, तुम्ही बोलत उभे राहिलात, आणि मी दांडीवरून उतरून पायऱ्या चढून आत गेले. आत गार होतं. पंखे फिरत होते, माणसं मान खाली घालून वाचत होती, आणि कुणी माझ्याकडं पाहिलंही नाही. तुम्ही दंडाला धरून मला बाहेर काढलंत. मारलं नाहीत. फक्त म्हणालात, "शब्द शिकायला आत जावं लागत नाही." तुमच्या सगळ्या शिकवणीचा अर्थ त्या एका वाक्यात होता, पण तेव्हा तो कळण्याइतकी मी मोठी नव्हते.

मग मी मोठी झाले, बायका म्हणतात त्या अर्थानं. पुढच्या रविवारी मी रिबीन बांधून फाटकाशी आले तर दांडीवर माझा धाकटा भाऊ बसला होता. तुम्ही माझ्याकडं न बघता सायकल ढकलत बाहेर काढलीत. आईनं आतून हाक मारली, तांदूळ निवडायचे आहेत म्हणून. पुस्तकही त्याला गेलं. शाळाही वर्षभरात सुटली, आणि तीही अशी, की तुम्ही मला सांगितलंसुद्धा नाहीत. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी दप्तर शोधत होते, तेव्हा आई म्हणाली, "आता कशाला ते?" तुम्ही पुढच्या खोलीत पेपर वाचत होता. पेपर खाली आला नाही. धाकटा रविवारी परत यायचा तेव्हा मी त्याला विचारायची, आज काय काय शिकलास? तो म्हणायचा, मैदानाजवळ थांबून क्रिकेट बघितलं.

आता त्या दुपारचं सांगते. तुम्ही तेव्हा शुद्धीवर नव्हता, म्हणून खरं काय ते तुम्हाला कधी कळलंच नाही, असं म्हणायची सोय मी तुम्हाला ठेवणार नाही, कारण कळलं होतं. मी सोळा वर्षांची, धाकटा चौदाचा. आई तिच्या बहिणीच्या बाळंतपणासाठी धारवाडला गेलेली. तुमचं पोट दुखत होतं आणि ओव्याचं पाणी पिऊन तुम्ही ते अंगावर काढत होता. न्हाणीघराच्या दाराशी तुम्ही पडलात. पोट लाकडासारखं कडक, अंग तापलेलं, डोळे उघडे पण ओळख नाही. धाकट्याला मी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडं पिटाळलं. दवाखाना बंद आहे, असं सांगत तो परत आला आणि भिंतीला टेकून रडायला लागला. मी त्याला म्हटलं, तू अण्णांचं डोकं मांडीवर घेऊन बस, हलू नकोस. तुमच्या कोटातलं पाकीट घेतलं आणि बाहेर पडले.

पोस्ट ऑफिसात टेलिफोन असतो, एवढं मला माहीत होतं. इतक्या वेळा बाहेरून बघितलेल्या त्या दारातून मी पहिल्यांदा आत गेले. खिडकीशी गर्दी होती. कन्नडमध्ये दोनदा सांगितलं, आतल्या माणसानं मान वर केली नाही. मग मी तुमचं इंग्रजी काढलं. "सर, माय फादर इज व्हेरी सिक. प्लीज टेलिफोन टू द हॉस्पिटल." सगळी खिडकी वळून बघायला लागली. पोस्टमास्तर स्वतः उठून आले. हॉस्पिटलची गाडी दुसरीकडं गेलेली होती, वेळ लागेल म्हणाले, तेव्हा मी तशीच जटकास्टँडवर, टांग्यांच्या अड्ड्यावर, पळाले. एक म्हातारा जटकावाला घोड्याला गवत घालत होता. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि गवताची पेंडी तशीच टाकून घोडा जुंपला. घरी आल्यावर शेजारच्या दोघांनी तुम्हाला उचलून आत ठेवलं, धाकटा तुमच्याजवळ बसला. मी पुढं जटकावाल्याशेजारी बसले, रस्ता सांगायला. टाउन हॉलपासून वळायचं, पार्कच्या कडेनं, चर्चच्या पुढं डावीकडं. त्या रस्त्याचं प्रत्येक वळण मला दांडीवरून पाठ होतं.

हॉस्पिटलच्या दारावर एक मोठा शब्द होता, तो मला येत नव्हता. कॅज्युअल्टी. तुमच्या पुस्तकात तो नव्हता. झाडू मारणाऱ्या आयाला कन्नडमध्ये विचारलं, तेव्हा तिनं हात धरून मला त्याच दारातून आत नेलं. आतड्याशी काहीतरी फुटलंय, लगेच कापावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले आणि मला एक चिठ्ठी दिली. त्यातली इंजेक्शनं हॉस्पिटलात संपली होती, दंडूतल्या केमिस्टकडंच मिळणार होती. धाकटा बाकावर पाय जवळ घेऊन बसला होता. तो उठला नाही, मीही त्याला उठवलं नाही. मी पळत गेले. तुमच्या दुकानासमोरूनच रस्ता होता, आणि दुकानातल्या लोकांनी मला बघितलं, अनवाणी, पदराशिवाय, परकर-पोलक्यात पळताना. इंजेक्शनं घेऊन परत आले. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "हू ब्रॉट हिम?" मी मागं वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला विचारतायत का म्हणून. मागं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "आय, सर." ते म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर वडील हाती लागले नसते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही डोळे उघडलेत. मी चमच्यानं तुमच्या ओठांना पाणी लावत होते. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, चांगलं ओळखलंत, आणि विचारलंत, "तू इथं कुणाबरोबर आलीस?" मी सगळं सांगितलं. पोस्ट ऑफिस, जटका, केमिस्ट, दुकान. सांगताना मला वाटत होतं, आता तुम्ही सरी म्हणाल. तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "कुणी कुणी पाहिलं?"

त्यानंतर तुम्हाला भेटायला माणसं यायला लागली, आधी हॉस्पिटलात, मग घरी. प्रत्येकाला तुम्ही सांगायचात, पोरानं वाचवलं, चौदा वर्षांचा पोर एकटा जटका करून घेऊन गेला, डॉक्टरसुद्धा चकित झाले. मी कॉफी घेऊन यायची. मी पेले ठेवत असताना तुम्ही हे सांगायचात, अण्णा, मी आत जाईपर्यंत थांबतसुद्धा नव्हता. आई धारवाडहून आली, तिला शेजारणीनं खरं काय ते सांगितलं. मी स्वयंपाकघरात आईकडं बघितलं, तेव्हा ती डाळ घोटत होती. ती म्हणाली, "गप्प बस. जगले ना?" तुम्ही बरे होऊन कामावर गेलात तेव्हा पहिली गोष्ट काय केलीत, तर धाकट्याला मनगटी घड्याळ आणलंत. आणि मला स्थळ. हुबळीचं. वर्षही पुरं झालं नाही.

नवरा चांगला निघाला. ते तुमचं पुण्य म्हणून तुम्ही चारचौघांत मिरवलंत, पण तो नशिबाचा भाग होता. त्यांनी मला मॅट्रिकला बसवलं, दोन मुलं झाल्यावर, आणि पुढं मी टेलिफोन खात्यात लागले. बदली होऊन बेंगळुरात परत आलो, जयनगरात घर केलं. तुम्ही यायचात, झोपाळ्यावर बसायचात, माझ्या पगाराविषयी, पेन्शनविषयी विचारायचात. एकदा दोघंच होतो. तुमचा हात तेव्हा थरथरायला लागला होता, मी तुम्हाला डाळिंबाचे दाणे सोलून देत होते. मी विचारलं, "अण्णा, त्या दिवशी तुम्हाला हॉस्पिटलात कुणी नेलं होतं?" तुम्ही वाटीतला पुढचा दाणा उचललात. मग म्हणालात, "ते आता कशाला?" एक दाणासुद्धा खाली न सांडता तुम्ही ती वाटी संपवलीत. त्याच वर्षी तुम्ही गेलात.

गेल्या महिन्यात धाकट्याचं सहस्रचंद्रदर्शन झालं. मोठा हॉल घेतला होता. त्याच्या नातवानं माइक हातात घेऊन आजोबांची गोष्ट सांगितली, चौदाव्या वर्षी वडिलांना वाचवल्याची. आता त्या गोष्टीत पाऊसही आला आहे आणि घोडा बुजल्याचंही आलं आहे. पोरगा चांगलं बोलला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकट्यानं माझ्याकडं बघितलं नाही. जेवणं झाल्यावर तो काठी टेकत माझ्या खुर्चीशी आला आणि हळूच म्हणाला, "अक्का, अण्णांनीच मला तसं सांगायला लावलं होतं. दुकानातले लोक बोलायला लागले होते. तुझं नाव त्यात राहिलं तर तुला स्थळ येणार नाही, म्हणाले."

मी त्याला म्हटलं, "साठावर वर्षं झाली. आता मला कुठलं स्थळ यायचं राहिलंय?"

मला त्याची दया आली, आणि ती आली म्हणून त्याचाही राग आला. म्हणजे तुम्ही माझ्या भल्यासाठी केलंत. असेल. लोकांना सांगायला तुम्हाला खोटं हवं होतं, हे मी समजू शकते. त्या काळात राहिलेली बाई आहे मी. पण लोक निघून गेल्यावर घरात आपण चौघंच असायचो, अण्णा. दार लावलेलं असायचं. तेव्हा मला जवळ बोलावून एकदा म्हणायला काय झालं होतं? दोन शब्द पुरले असते, मराठीत, कन्नडमध्ये, कशातही. पुढं एवढी वर्षं मिळाली, माझ्याच झोपाळ्यावर बसलात, तेव्हा कुणाचं स्थळ मोडणार होतं?

हे पत्र तुमच्यापर्यंत जायचं नाही, म्हणून आणखी एक सांगून टाकते. नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही ते. केमिस्टकडून इंजेक्शनांचा पुडा छातीशी धरून मी परत धावत होते, तेव्हा तुम्ही जगाल की नाही हे मला माहीत नव्हतं. मला रडू यायला हवं होतं. पण रस्ता उताराचा होता, ऊन होतं, दोन्ही बाजूंची झाडं मागं पळत होती, मला मागून हाक मारून थांबवणारं कुणी नव्हतं, आणि थोडा वेळ, अण्णा, मी तुम्हाला विसरले होते. मी खुशीत होते. इतकी खुशीत मी त्यानंतर कधीच नव्हते.