स्टुलावरचा आवाज

९ मार्च, सकाळ

प्रिय छोट्या,

आशीर्वाद. ते रागावर अवलंबून नसतात, म्हणून आधीच देऊन टाकते.

इकडे सगळे बरे. तुझ्या भावोजींचा गुडघा कुरकुरतो आहे आणि त्याच्या जोडीला तेही. शाळेत सिस्टर सांगायच्या, रागाच्या भरात पत्र लिहू नये, आणि लिहिलंच तर अक्षर तरी नीट काढावं. त्यातलं दुसरं पाळते आहे.

या आठवड्यात तू बरेच फोन केलेस. मी उचलले नाहीत. ऐकू आले नसतील असं समज.

तुझ्या भाचीला चिप पुरवणारा दलाल परवा घरी आला. चहा समोर ठेवला तरी कप उचलेना. तिला म्हणाला, "मॅडम, तिकडून सुटा माल बंद झालाय. चिप आता फक्त कंपनीच्या स्वतःच्या मशिनांत घालणार. मला काय विचारता, तुमच्या मामांना विचारा. त्यांच्याच टेबलावरून निर्णय आलाय."

मला व्यापारातलं कळत नाही असं समजू नकोस. तू राहतोस त्या देशातून तुझ्या कंपनीचा तो नखाएवढा तुकडा इथे येऊ लागला, म्हणून तर तीन मुलींनी आमच्या मागच्या खोलीत टेबलं मांडली आणि कानाची मशीनं करायला घेतली. तो इथे कुणी बनवत नाही, हे मलाही ठाऊक आहे. तुमचं तयार मशीन मात्र आता हवं तेवढं मिळणार, दुकानादुकानांत. बरं. कंपन्या असंच वागतात. माझा राग कंपनीवर नाहीच.

राग त्या संध्याकाळचा आहे. गेल्या वर्षी तू आलास, मागच्या खोलीत तासभर उभा राहून तिचं काम बघितलंस. मशीन जुळवताना ती नुसती संगणकाची पिपाणी वाजवत नाही. गिऱ्हाइकाला विचारते, "कुणाचा आवाज नीट ऐकायचाय?" मग त्या माणसाला बोलावून स्टुलावर बसवते, बोलतं करते आणि त्या आवाजावर मशीन लावते. त्या दिवशी एका आजोबांनी बायकोला आणलं होतं. आजी स्टुलावर बसून म्हणाल्या, "आता काय बोलू? कान होते तेव्हा ऐकलंत का कधी?" तू हसून हसून डोळे पुसलेस. केवढे बारीक प्रश्न विचारलेस! तिच्या पाठीवर थाप मारलीस, शाबास म्हणालास, आणि माझ्या हातचं दोनदा वाढून घेतलंस.

दलाल सांगतो, तेव्हाच तुमच्या बैठका सुरू होत्या. एका शब्दाने बोलला नाहीस, रे. आता तुमच्या मशिनाची जाहिरात आली आहे: आपल्या माणसाला सोबत आणा, त्याच्या आवाजावर जुळवून देऊ. आणि वर तिलाच फोन करून म्हणतोस, "कशाला त्रास घेतेस? आमची एजन्सी घे." फोन ठेवल्यावर पोर एवढंच म्हणाली, "आई, मामा सगळं लक्ष देऊन बघत होता, नाही?"

छोट्या, फोन ऐकू आले होते. फार स्वच्छ ऐकू आले होते.

कान माझेही गेलेत. तू लांब बसून काळजी करशील म्हणून कळू दिलं नाही. त्या संध्याकाळी आजी-आजोबा गेल्यावर तुझ्या भाचीनं तुला स्टुलावर बसवलं, "मामा, बोल ना काहीतरी," म्हणाली, ते चेष्टेनं नव्हतं. मी तुला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायची आणि उतारावर तू ओरडायचास, ते तू सांगत बसलास. माझ्या कानात, केसांखाली, मशीन होतं. घरात नवरा होता, लेक होती. मी म्हटलं होतं, छोट्याचा आवाज. तोच फोनवर असतो, तोच निसटायला नको.

ती इतक्यात कारखाना बंद करणार नाही. एकीनं नोकरी धरली, दोघी राहिल्या. दुसऱ्या देशातून दुसरी चिप मागवली आहे. महाग आहे, अंगानं थोडी मोठी आहे, म्हणजे कानाचे साचे नव्याने आले. या नव्या चिपेला जुन्या चिपेतलं काही वाचता येत नाही, तेव्हा आवाजही पुन्हा पहिल्यापासून लावायचे. नव्या चिपेचं पहिलं मशीन माझं, येत्या रविवारी. नीट चाललं तरच पुढच्यांना द्यायचं, नाहीतर मागची खोली रिकामी करायची.

काल तिनं स्टूल पुसलं आणि विचारलं, "आई, कुणाला बोलवू?"

मी म्हटलं, "तूच बस."

तोवर जुनं मशीन कानात आहे. या पत्राचा फोटो आजच फोनवर पाठवते आहे. फोन केलास तर या वेळी उचलेन. एजन्सीचं मात्र बोलू नकोस. तिच्यासमोर बसून गप्प का राहिलास, तेवढंच सांग.

रविवारपर्यंत तुझा आवाज सगळ्यांत स्वच्छ ऐकणारी,
ताई