अमोनियम फॉस्फेटचे वीस

६ ऑगस्ट
नववी ब. रेणुसूत्रातले अणू मोजणे. यंदा पाठांतराऐवजी चिंचोके वाटून पाहिले, एका अणूला एक. अमोनियम फॉस्फेट, (NH₄)₃PO₄. भिंतीवरच्या तक्त्यात उत्तर १८. पहिल्या बाकाचे वीस आले. म्हटलं, गप्पा कमी, पुन्हा मोजा. पुन्हा वीस. सगळ्या वर्गाचे वीस.

मग स्वतः मोजले. नायट्रोजन ३, हायड्रोजन १२, फॉस्फरस १, ऑक्सिजन ४. वीसच. कंसाबाहेरच्या तिनाने मी फक्त हायड्रोजनला गुणलं होतं. तक्ता माझ्याच हातचा, कितीतरी वर्षांपूर्वीचा. तेव्हापासून नुसता वाचून दाखवतेय.

पोरं हसली. मीही हसले. घरी येताना मात्र अंगावर काटा आला. वार्षिक परीक्षेत हाच प्रश्न होता.

७ ऑगस्ट
कपाटातून गेल्या वर्षीच्या नववीचे पेपर काढले. सगळ्यांचं १८, सगळ्यांना बरोबर. एकट्या दीपालीचं २०. त्यावर माझी लाल फुली, चांगली ठसठशीत.

विज्ञानात ३४. एका मार्काने नापास. सवलतीचे गुण गणितातच संपले होते. फेरपरीक्षेला आली नाही, शाळाही सुटली. तेव्हा स्टाफरूममध्ये मी काय म्हणाले? ‘आळशी आहे, अभ्यास नको.’ उचलली जीभ लावली टाळ्याला.

मुख्याध्यापक सर : ‘बाई, कशाला गाडलेली मढी उकरता?’ म्हटलं, मढं कसलं सर, पंधरा वर्षांची पोर आहे. बरीच हुज्जत. शेवटी सुधारलेल्या निकालावर सरांनी सही केली.

१० ऑगस्ट, रविवार
रेवसला, दीपालीच्या घरी. आई शेतावरून नुकतीच आलेली, पायांना चिखल. निकाल पुढे केला, माझी चूक सांगितली. ती कागदाकडे बघेचना.

‘ती रडून सांगं, वीसच हायेत. बापानं दोन मुस्काटात दिल्या. म्हनला, बाई चुकंल कशी?’ मग म्हणाली, ‘मीपन तुमचीच बाजू घेतली.’

एवढं होऊन माझ्यासाठी चहा टाकला.

दीपाली मुंबईला मावशीकडे. भाऊच्या धक्क्यावर कोलंबी सोलते.

१७ ऑगस्ट, रविवार
रेवसहून पहिल्या लाँचने गेले. समुद्र खवळलेला.

मला बघून दीपाली उठली, हात मागे घेतले. बोटं सगळी चिरलेली. सांगितलं, पास आहेस, चूक माझी होती. हात ओले म्हणून कागद मलाच धरायला लावला. दोनदा वाचला.

मग : ‘बाई, मी वर्गात हात वर केलेला. तुम्ही बोललात, जास्त शहाणी होऊ नको, खाली बस.’

मला आठवत नाही. खूप ताण दिला, तरी नाही. मी म्हणाले असेनच. लाज वाटली, तिथेच रडू आलं.

दहावीला ये म्हटलं, मागचं सगळं मी शिकवीन. मावशी म्हणाली, बापाला इचारा. फोन लावला. ‘आता कामाला लागलीय ती. बगू.’ ठेवून दिला.

लाँचची वेळ झाली. ती पुन्हा टोपलीपाशी बसली होती. म्हणाली, ‘पप्पांना फक्त एवढं सांगा, मी खोटं बोलत नव्हते.’