भिंतीकडं तोंड

बोईसर, ता. ६-१२-८५

ती. लाडकीबायला सोमीचा सा. न. वि. वि. आमी बरे हाय. तुमच्याकडं भाताची झोडणी झाली असेल.

बाय, रागावू नको, पण लिवते. तुझ्या आयला मासवणला घेऊन जा. सून कंटाळली असं नको समजू. दिवाळीपासून तिला खोकला हाय नि अंगावर नुसती हाडं राहिलीत. शेजारच्या खोलीतला चिंधू असाच वाळत गेला, टीबी निघाला. मग त्याच्या पोराला पण झाला.

आमची नलू आता कुठं बसायला लागली. आय तिला मांडीवर घेते नि आपल्या तोंडातला मऊ घास काढून भरवते. मला धडकी भरते. काल मी पोरगी हिसकूनच घेतली.

तुझा भाऊ म्हणतो, म्हातारपणी खोकला यायचाच, नि ड्युटीवर निघून जातो. घाबरायला मी एकटी. आय चपाती अर्धी टाकते, म्हणते भूक नाय. माझ्या हातचं आवडत नसेल.

माया ठेव, रागात पण ठेव.
तुझी सोमी

मासवण, ता. १३-१२-८५

सोमीला लाडकीचा आशीर्वाद. नलूला पापा.

पत्र वाचून डोकं फिरलं. माझी आय म्हणजे काय फुटकं मडकं हाय, घरातून उचललं नि दारात ठेवलं? पण माझी पण पोरं हायत, म्हणून राग गिळला. तोंडातला घास पोरीला भरवू देऊ नको, तेवढं तुझं खरं.

आता सांग, ती खोकते कधी? झोपेत? का जेवताना? माझ्याकडं होती तेव्हा जावई बघतो म्हणून भिंतीकडं तोंड करून जेवायची. मला वाटलं, लाजते. सासू जेवते तेव्हा सून समोर बसत नाय, हे मला ठाऊक हाय. तरी तू बस. नि माझ्या भावाला, नवशाला सांग, एक दिवस खाडा कर, आयला दवाखान्यात ने.

टीबी निघाला तर मी येऊन नेते. नाय निघाला तर तुझे कान धरायला येते.

नवशाला नि आयला सांभाळ, मला विसरू नको.
लाडकी

बोईसर, ता. २८-१२-८५

ती. लाडकीबायला सोमीचा सा. न. वि. वि.

थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. टीबी नाय. मी दवाखान्यातच रडले, तर नर्सबाई म्हणाल्या, आता कशाला रडतेस?

इथं पण आय भिंतीकडं तोंड करूनच जेवायची. तू सांगितलं तशी समोर जाऊन बसले. आयनं मला दोनदा हाकललं, मी हलले नाय. बाय, ती चपाती नुसती तोंडात घोळवत होती. दात नाय, तोंड कोरडं, घास खाली उतरेना. तो गुपचूप काढून पदरात बांधला. मग पाणी प्यायली, तर ठसका लागून डोळे पांढरे झाले. खोकला तो हाच. रोज माझ्या पाठीमागं होत होता.

डॉक्टर म्हणाले, वयानं दात गेले, लाळ आटली, गळा पण मंद झाला. पातळ पाणी भलत्या वाटेनं जातं. दाट पेज द्या, ताठ बसवा, हनवटी खाली, छोटे घोट. घास तोंडात असताना बोलायला लावू नका. ताप आला तर लगेच आणा.

मी विचारलं, आय, सांगितलं का नाय? तर म्हणाली, जिला खाता येत नाय ती म्हातारी कोणाला पाहिजे? उद्याच मासवणला धाडलं असतंस. मी खाली बघितलं. तुला लिवलेलं पत्र तिला ठाऊक नाय. तू पण सांगू नको.

आता नाचणीची पेज एकाच टोपात शिजते, वाट्या दोन. नलूला वेगळा चमचा, तिला मी भरवते. आयनं आ केला की नलू आ करते. आय हसायला लागली की मीच ओरडते, आधी गिळ, मग हस.

भिंत तीच हाय. आता आय तिला पाठ टेकून ताठ बसते, तोंड आमच्याकडं.

कान धरायला ये. येताना नाचणीचं पीठ आण, इथलं चांगलं मिळत नाय. तुझी माया पेजेसारखी दाट राहू दे.
तुझी सोमी